अण्णांना न आठवलेला रविवार

परशराम अण्णा समोरून आले की आधी आपल्या कमरेकडं बघायचे, मग चेहऱ्याकडं. नव्या माणसाला ते विचित्र वाटायचं. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेनं मला बाजूला घेऊन विचारलंही होतं, "हे गृहस्थ असे का बघतात गं?" तिला काय सांगणार? सत्तावीस वर्षं दर रविवारी कातळाच्या कडेला उभं राहून माणसांच्या कमरेचे पट्टे तपासले की नजर तिथंच जाते. एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या कमरेचा सुटत आलेला टॉवेल त्यांनी ताटावरून उठून, डाव्या हातानं घट्ट खोचून दिलेला मी पाहिलाय.

अण्णा बेळगावजवळच्या कंग्राळीचे. घरची शेती, आणि नोकरी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, इन्स्पेक्शनला. ओतून आलेल्या तुकड्यावर हातोडी मारायची आणि कान देऊन ऐकायचं. आत चीर असली की आवाज बोदा येतो. पुढं तिथं तपासणीची मशीन आली, पण मशीनच्या आधी अण्णाला ऐकवा, असं कामगारच म्हणायचे. कातळावर चढायला त्यांना गावातल्याच एका निवृत्त सुभेदारांनी शिकवलं. सुभेदार वारले तेव्हा त्यांचे दोर अण्णांकडं आले आणि रविवारची पोरंही. कागद-बिगद काही नाही. कुणी दिला नाही, कुणी मागितला नाही.

मी त्यांच्याकडं गेले ती एकोणिसाव्या वर्षी. घरी आई तयार नव्हती. मुलींनी कडे चढून काय करायचंय, हा तिचा प्रश्न. तर एका संध्याकाळी अण्णा स्वतः टिळकवाडीत आमच्या घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "वैनी, पोरीला न्हेतो तशी आनून सोडतो. सोडली न्हाय तर मीबी परत येत न्हाय." आईला त्यात काय भरवशाचं वाटलं कोण जाणे. ती हो म्हणाली.

येळ्ळूरच्या गडाखाली आणि पावसाळा संपला की जांबोटीच्या पुढच्या कड्यावर आम्ही जायचो. अण्णा फार बोलायचे नाहीत. "पुन्यांदा बघ," हे त्यांचं वाक्य. गाठ मारली, पुन्यांदा बघ. पट्टा आवळला, पुन्यांदा बघ. तिसऱ्यांदा ते स्वतः बोट घालून बघायचे. एकदा एका पोरानं मोटारीच्या डिकीत बॅटरीशेजारी दोर ठेवून आणला. दोर नवा होता. वरून काही दिसत नव्हतं, पण बॅटरीचं ॲसिड लागलं की दोर आतून कुजतो. अण्णांनी तो हुंगला, बोटांतून सगळा सरकवला, मग झोळीतून विळा काढला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचे आठ तुकडे केले. पोरगा रडकुंडीला आला. अण्णांनी प्रत्येकाच्या हातात एक तुकडा दिला. "घरी न्हेऊन म्हस बांधा. म्हस पडली तर उठती."

एकदा फौंड्रीचे मालकच पाहुणे घेऊन आले, कोल्हापूरचे. दुपारची वेळ, जेवण-पिणं झालेलं. मालकांना पाहुण्यांसमोर आपला माणूस दाखवायचा होता. अण्णांनी त्यांना हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, चढवता चढवता मान जवळ नेली, वास घेतला आणि हार्नेस उतरवायला लागले.

"काय रे परशराम?" मालक म्हणाले.

"आज न्हाय, साहेब."

"मी सांगतोय ना."

"फौंड्रीत तुम्ही सांगायचं. हितं आज न्हाय."

त्यांनी वरचा दोर ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांना इन्स्पेक्शनवरून काढून माल भरायच्या कामावर टाकलं, ते तीन महिने. त्या तीन महिन्यांतही रविवार चुकला नाही. खांदे सुजलेले असायचे.

हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी, की हा माणूस निष्काळजी होता असं कुणी म्हणू नये. मी इतका जपणारा माणूस दुसरा पाहिलेला नाही. पुढचं सगळं त्यामुळंच सांगायला अवघड जातं.

आमच्यातल्या एकानं मध्यंतरी एक सूचना मांडली होती. उत्तरेत गिर्यारोहणाच्या संस्था आहेत, सरकारमान्य आहेत, आळीपाळीनं सगळ्यांनी तिथला कोर्स करू या, अण्णांनीही करावा, म्हणजे आपल्याला रीतसर प्रमाणपत्र मिळेल. अण्णा कातळाला टेकून शेंगा खात होते. हसले. "कागूद बघून दगूड धरतोय व्हय हात?" म्हणाले. मग आमच्याकडं बोट फिरवून, "तुम्ही समदी जित्ती हाय, त्येच माझं सर्टिफिकेट." आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी.

महेश त्यानंतर आला. जांबोटीकडचाच, शेतकऱ्याच्या घरातला, तेवीस वर्षांचा. झाडावर चढावं तसा कडा चढायचा. अण्णांचा तो फार लाडका. सहा वर्षं तो आमच्यात होता. मग त्यानं जांबोटी रस्त्याला एकाच्या जागेत कॅम्प काढला. तंबू, झिपलाइन, दोरावरून कडा उतरायचं रॅपलिंग, दुपारी झुणका-भाकरी. उद्घाटनाला नारळ अण्णांनी फोडला. फाटकावर मोठी पाटी होती आणि तिच्या तळाशी लिहिलेलं, 'परशराम अण्णांच्या मार्गदर्शनाखाली'.

"अण्णा, हे तुम्हाला विचारून लिहिलंय?" मी हळूच म्हणाले.

"न्हाय."

"काढायला सांगू?"

त्यांनी पाटीकडं पुन्हा एकदा बघितलं. "असूंदे गं," म्हणाले. आवडलं होतं त्यांना. त्या दिवशी त्यांनी कॅम्पवरचे सगळे दोर, खिळे, हार्नेस एकेक करून तपासले. सगळं चोख होतं. निघताना महेशला म्हणाले, "वर्सातनं एकदा मला बोलव रं. बघून जातो." महेश "व्हय अण्णा" म्हणाला. पुढं दोन वर्षं त्यानं बोलावलं नाही आणि अण्णाही आपणहून गेले नाहीत. पोरगं आता मोठं झालंय, उगंच कशाला नाक खुपसायचं, असं ते एकदा मला म्हणाले होते.

दोन वर्षांनी निपाणीकडच्या एका शाळेतल्या शिक्षिकांची सहल त्या कॅम्पवर आली. त्यात शुभांगी नावाची सव्वीस वर्षांची शिक्षिका होती, मूळची सदलग्याची. सगळ्यांत आधी तीच उतरायला तयार झाली. महेश खाली जेवणाचं बघत होता. कड्यावर आठ दिवसांपूर्वी कामाला लागलेला एक माणूस होता, त्यानं तिला हार्नेस बांधला. जुन्या पद्धतीच्या हार्नेसचा पट्टा बकलातून घातला की उलटा वळवून पुन्हा त्याच बकलातून घालायचा असतो. तो न वळवताही घट्ट वाटतो. उभं राहिलं, चाललं, तरी काही होत नाही. अंगाचं ओझं लटकलं की मात्र तो हळूहळू सरकत येतो. शुभांगीचा निम्म्या कड्यावर सुटला.

तिची एक मैत्रीण वरून फोनवर शूटिंग करत होती. ते सगळीकडं फिरलं. अण्णांनी ते एकदाच पाहिलं, माझ्याच फोनवर, आमच्या व्हरांड्यात. मी पुढचं दिसू नये म्हणून लगेच बंद केलं. ते म्हणाले, "पुढचं नगं. पयल्याच सेकंदाला दिसतंय बघ. पट्ट्याचं शेपूट लांब हाय. वळवला असता तर आखूड दिसलं असतं. कुनीबी एकदा बघितलं असतं तर..."

पोलिसांनी महेशला पकडलं. तू कुठं शिकलास, असं विचारल्यावर त्यानं अण्णांचं नाव सांगितलं. पाटीवरही तेच नाव होतं. अण्णांना जबाबासाठी बोलावणं आलं, तेव्हा ते मला बरोबर घेऊन गेले. इन्स्पेक्टर तरुण होते, शांत होते. कानडीत विचारत होते, अण्णा कानडीतच उत्तरं देत होते. शिकवायचा तुमच्याकडं काही परवाना आहे? नाही. महेशला काही प्रमाणपत्र दिलं होतं? नाही. कधी परीक्षा घेतली, कुठं लिहून ठेवलं? नाही.

"मग हा सगळं शिकलाय, हे कोण सांगणार?"

"मी," अण्णा म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. "ठीक आहे. हे बकलाचं त्याला तुम्ही कधी शिकवलं?"

अण्णांनी तोंड उघडलं आणि तसेच बसले. मी त्यांच्या शेजारी होते. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. ते रविवार शोधत होते. इन्स्पेक्टरांनी थोडा वेळ वाट बघितली, काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

बाहेर आल्यावर चिंचेखाली त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी ते कधी कुणाच्या अंगाला हात लावायचे नाहीत, दोर बांधताना सोडून. "पोरी, महेश नवीन आलता तवाचं तुला आठवतंय काय गं? बकल मी त्याला दावलो असनार की. कुटल्या दिवशी? येळ्ळूरला का जांबोटीला? मला त्यो दिवसच दिसंना झालाय."

"मला नाही आठवत, अण्णा," मी म्हणाले.

मला आठवत होतं. महेश आला त्या महिन्यात अण्णांचे थोरले भाऊ दवाखान्यात होते आणि अण्णा सलग चार रविवार आले नव्हते. मला निरोप होता, "नवीन पोरगं आलंय, तेवढं तू बघ." महेशला गाठी मी शिकवल्या. हार्नेस मी चढवायला शिकवला. पट्टा वळवायचं सांगितलं का? सांगितलंच असेल. मी नेहमी सांगायचे. पण त्या दिवशी सांगितलं असं डोळ्यांपुढं येत नव्हतं. त्याच्या गप्पा आणि आमचं हसणं तेवढं आठवत होतं. अण्णांना तो दिवस दिसत नव्हता, कारण ते तिथं नव्हतेच. हे मी त्यांना त्या चिंचेखाली सांगायला हवं होतं. पोलीस ठाण्याचं दार दहा पावलांवर होतं. माझी नोकरी, माझी लहान मुलगी, सगळं एकदम आठवलं आणि मी गप्प बसले.

त्यानंतर अण्णा भेटेल त्याला विचारत सुटले. जुन्या पोरांना फोन केले, पुण्याला, बेंगळूरला. "तू हुतास काय रं त्या दिवशी? म्या महेशला बकल दावलो तवा?" पोरं चांगली होती. काहीजण म्हणाले, "हो अण्णा, होतो की. चांगलं आठवतंय." ते ऐकून त्यांना बरं वाटायचं. मग विचारायचे, "त्यानं अंगात काय घातलंतं?" पोरगं अडखळायचं. अण्णा फोन ठेवायचे.

एका शनिवारी ते म्हणाले, "सदलग्याला येतीस काय?" मी गाडी काढली. शुभांगीचे वडील आधीच वारलेले, घरी आई एकटी. दारात आम्हाला बघून ती उभी राहिली.

"शिकवनारा म्हनत्यात त्यो तुमीच काय?"

"व्हय, आक्का."

मला वाटलं, ती दार लावून घेईल. तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मग समोर बसली आणि म्हणाली, "मला कुनी नीट सांगिना झालंय. पोलीस म्हनत्यात सुटलं, वकील म्हनत्यात निसटलं. कसं सुटलं? मला दावा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. गाडीत त्यांची झोळी होती, ती मी आणली. त्यांनी हार्नेस काढला आणि अंगणातल्या फरशीवर पसरला. पट्टा बकलातून एकदा घातला, बकल स्वतः धरलं आणि पट्ट्याची मागची बाजू तिच्या हातात दिली. "वडा." तिनं ओढलं. पट्टा सुळकन बाहेर आला. मग त्यांनी तो पुन्हा घातला, उलटा वळवला, पुन्हा त्याच बकलातून घातला. "आता वडा." तिनं ओढलं. सगळ्या अंगाचा जोर लावून, फरशीला पाय टेकून ओढलं. हलला नाही.

"येवढंच?" ती म्हणाली.

अण्णांनी पट्टा पुन्हा मोकळा केला.

"येवढ्यावरच व्हय?" मग तिनं हार्नेस स्वतःकडं ओढून घेतला आणि स्वतःच करायला लागली. एकदा घालायची, ओढायची, निसटायचं. वळवून घालायची, ओढायची, राहायचं. दहा-बारा वेळा तिनं केलं. आम्ही दोघं समोर बसून बघत होतो. शेवटी तिला ते बिनचूक जमायला लागलं.

परतीच्या वाटेवर मला सांगून टाकायचं होतं. चिकोडी गेलं, पुढचे फाटे गेले. अण्णा काचेबाहेर बघत होते. बेळगाव आलं.

त्या आठवड्यात त्यांनी रविवार बंद केला. सत्तावीस वर्षांनी. आणि माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला लागले. डोंगर, दोर, पाणी असे खेळ जो कुणी लोकांना खेळायला लावेल, त्याला प्रमाणपत्र सक्तीचं करा. सामानाची दर वर्षी तपासणी करा. प्रमाणपत्र नसेल त्याला बंद करा. मी कानडीत टाइप करायचे, ते सही करायचे आणि घेऊन फिरायचे. पर्यटनवाले म्हणायचे, हा खेळांचा विषय. खेळवाले म्हणायचे, जागा जंगलाशेजारची आहे, वनखात्याला विचारा. एका साहेबानं मात्र अर्ज पूर्ण वाचला आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "अहो, असा नियम आला तर पहिले तुम्हीच बंद व्हाल."

"व्हय साहेब. मला आदी बंद करा."

मी त्यांच्याशी भांडायचे. म्हणायचे, "अण्णा, प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून लावायचं आणि दोर चार-चार वर्षं बदलायचा नाही, असे लोक आपण पाहिलेत. नियम आला की पैसेवाल्या रिसॉर्टांना कागद मिळेल. तुमच्यासारखा कंग्राळीचा माणूस, फुकट शिकवणारा, तेवढा बाहेर पडेल. तुमची पोरं आता कुठं जातात माहितीये? मिळेल त्याच्या दोरावर चढतात. तुम्ही होता तेव्हा ती जास्त सुरक्षित होती." यातलं सगळं खरं होतं. आजही मला खरं वाटतं.

त्यांनी एकदाच नीट उत्तर दिलं. "कागूदवाल्याकडंबी मानसं मरत्यात. ठाऊक हाय मला. पर तितं एक दिवस असतोय गं. अमक्या दिवशी अमक्या मानसानं ह्याला चारदा पट्टा बांधाय लावला, चुकला तवा पुन्यांदा लावला, आनि मग सही केली. सही करताना मानूस घाबरतोय. मी कवा घाबरलोच न्हाय. महेशनं माझं नाव पाटीवर लिवलं तवा मला बरं वाटलं. त्या दिवशी मी घाबराय पायजे हुतं."

त्यांनी स्वतः कोर्सला जायचं ठरवलं. संस्थेला पत्र पाठवलं. उत्तर आलं, तुमचं वय मर्यादेपेक्षा बरंच जास्त आहे. ते पत्र त्यांनी मला दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्यानंतर ते कातळाकडं फिरकले नाहीत. अर्ज चालूच होते. नियमाचा मसुदा होतोय असं कुणीतरी साहेब सांगायचा, मग त्या साहेबाचीच बदली व्हायची. महेश जामिनावर सुटून घरी बसला होता. अण्णा त्याला भेटायला गेले तेव्हा तो त्यांच्या पायावर पडला. अण्णांनी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, मला सगळं तुमीच शिकवलासा." प्रेमानं म्हणाला असेल. माझं नाव त्यानंही घेतलं नाही. तो विसरला होता की मला वाचवत होता, हे मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षं अशी गेली. अण्णा वाळले. बोलता बोलता मध्येच थांबून जमिनीकडं बघत राहायचे. वैनी, म्हणजे त्यांच्या बायको, मला म्हणाल्या, "जेवतानाबी हात तसाच ऱ्हातोय. काय शोधत्यात कुनाला ठावं." त्या वाक्यानंतर मला राहवेना.

मी दुपारी त्यांच्या शेतात गेले. ते बांधावर गवत कापत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. भावाचा दवाखाना, चार रविवार, महेशला मी शिकवलं. विळा खाली ठेवून ते बांधावर बसले.

"बकल दावलीस?"

"दाखवलं असेल."

"असेल न्हवं. सांग."

"आठवत नाही, अण्णा. खरंच."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा असा सैल झाला की मला वाटलं, चला, उतरलं ओझं. तीन वर्षांत पहिल्यांदा सुटल्यासारखे दिसले ते. क्षणभरच. मग त्यांना त्या सुटण्याचीच लाज वाटली असावी. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आणि मग माझ्याकडं बघितलं.

"कवापास्नं ठाऊक हाय तुला?"

खोटं बोलता आलं असतं. कालच आठवलं, म्हणता आलं असतं.

"पहिल्या दिवसापासून. पोलीस ठाण्याच्या बाहेर तुम्ही विचारलंत तेव्हापासून."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी आज हे लिहायला बसले नसते. त्यांनी गवताची पेंढी बांधली, गाठ मारली. उठताना गुडघ्यावर हात टेकला. "ऊन लई हाय. जा घरी," एवढंच म्हणाले आणि पेंढी डोक्यावर घेऊन मक्याच्या कडेनं चालायला लागले.

पंधरा-वीस पावलांवर ते थांबले आणि वळले. एका हातानं पेंढी धरलेली, तोंडावर गवताची सावली. काहीतरी विचारायचं होतं त्यांना. मी वाट बघत उभी राहिले. ते तसेच बघत राहिले, मग मान हलवली, स्वतःशीच, आणि मक्यात शिरले.

पावसाळा लागायच्या आधीच अण्णा गेले. मी दिवसकार्याला गेले होते. वैनींनी मला पाणी दिलं, विचारपूस केली. माझ्याबद्दल अण्णांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं.